तगरवाल्यांचं कळलं का?

“वहिनी, कळलं का? अक्कांचे टॉवेल आफ्रिकेला निघालेत म्हणे!”

अप्पांनी भिंतीवरून बातमी टाकली. आमच्या ओळीतल्या कंपाउंडच्या भिंती कमरेएवढ्याच आहेत. बांधताना कुणाच्या तरी विटा संपल्या आणि बाकीच्यांनी मग तेवढ्यावरच भागवलं. तेव्हापासून कुणाकडे पाहुणे आले, कुणाची सून रुसली, कुणाचा चेक परत आला, हे कळायला आम्हाला पेपर लागत नाही.

“आफ्रिकेला न्हाई वो अप्पा, आफ्रिकेवरून,” अक्का पलीकडून म्हणाल्या. हातात शेंगाचटणीची वाटी होतीच. त्यांच्या पुतण्याचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग आहेत. माल युरोपला जातो. पूर्वी तो लाल समुद्रातून, सुएझमधून सरळ जायचा. २०२३ च्या अखेरीला हुथींनी तिथं जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बऱ्याच जहाजांनी तो रस्ताच सोडला. सगळ्या आफ्रिका खंडाला वळसा घालायचा, दिवस जास्त, भाडं जास्त, आणि तिकडचं गिऱ्हाईक रोज फोन करून विचारतंय, माल कुठं आहे.

“माल सोलापूरचा, गिऱ्हाईक युरोपातलं आणि भांडण तिसऱ्यांचं. आमचा काय संबंध, सांगा की!” अक्का वैतागल्या होत्या.

मास्तर कुंड्यांना पाणी घालत होते. आयुष्यभर इतिहास शिकवला, आता रिटायर आहेत, त्यामुळे वर्ग कुठं भरेल सांगता येत नाही. ते म्हणाले, “संबंध नसताना मार खायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, अक्का. तगरवाल्यांचं असंच झालं.”

“कोण तगरवाले? जुळे सोलापुरातले का?” अप्पांनी विचारलं.

“तेरचे. गोरोबाकाकांच्या तेरचे. तगर म्हणजे तेच.”

तेर आम्हा सगळ्यांना ठाऊक. तुळजापूर, धाराशिव करत गेलं की तेरणेच्या काठी गोरा कुंभारांची समाधी. संतांच्या मेळ्यात सगळ्यांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते बघितलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ती गोष्टही तिथलीच. पण हे तेर एके काळी रोमपर्यंत कापड पाठवत होतं, हे ऐकून अप्पांनी स्वतःच मास्तरांच्या डोक्यावर थापटणं मारल्यासारखा चेहरा केला.

“पुरावा?” अप्पा म्हणाले. गिरणीत युनियनमध्ये होते ते, पुराव्याशिवाय पुढं जात नाहीत.

“आहे ना. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये एक ग्रीक बोलणारा व्यापारी होता. त्यानं लाल समुद्र आणि पलीकडच्या बंदरांची सगळी बित्तंबातमी लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणतात त्या पोथीला. कुठल्या बंदरात काय खपतं, कुठला राजा कसा, कुठं फसवतात, सगळं. स्वतःचं नाव मात्र कुठं लिहिलं नाही.”

“हुशार होता,” अक्का म्हणाल्या. “लोकांच्या भानगडी सांगायच्या तर नाव कशाला घालायचं?”

त्या व्यापाऱ्याचं म्हणणं असं, की बारिगाझा, म्हणजे आपलं भडोच, तिथून दक्षिणेला वीस दिवस चाललं की पैठण लागतं. पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवस गेलं की तगर, हे फार मोठं नगर. या दोन गावांहून माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नाही अशा मोठमोठ्या मुलखातून भडोचला यायचा. पैठणहून गोमेदासारखे दगड. आणि तगरहून काय? साधं कापड ढीगभर, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि शिवाय किनाऱ्याकडच्या मुलखातून तिथं येऊन पडणारा किरकोळ माल.

“म्हणजे जाडंभरडं पण आणि तलम पण,” अक्कांचा धंद्याचा कान टवकारला. “बरोबर हाय. खपतं ते जाडं, नाव होतं ते तलमचं.”

मी विचारलं, “पण मास्तर, तगर म्हणजे तेरच कशावरून?”

त्यावरही विद्वानांत बरीच वर्षं वाद होता. कुणी म्हणे दौलताबाद, कुणी म्हणे जुन्नर. १९०१ साली जे. एफ. फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं अंतरं, दिशा आणि नाव ताडून बार्शीच्या पूर्वेचं तेर हेच तगर, असं मांडलं. पुढं खणल्यावर जमिनीतूनही तसंच निघालं. शिलाहार राजे तर कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करतानाही ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी मिरवत होते. गाव हातात नाही, पण गावाचं नाव लेटरहेडवर आहेच.

“अशी माणसं आपल्या ओळीत पण आहेत,” अप्पा हळूच म्हणाले आणि कोपऱ्यावरच्या घराकडे बघितलं. त्यावर आम्ही कुणी काही बोललो नाही. सगळ्यांना कळलं.

आता खरी भानगड पुढं आहे. पैठणला सातवाहन, आणि भडोचला क्षहरात घराण्यातला क्षत्रप राजा नहपान. दोघांत नाशिक, जुन्नर, कल्याण या पट्ट्यावरून वैर. वैराचं मूळ जमिनीत कमी आणि जकातीत जास्त. घाटावरचा माल नाणेघाटानं उतरवला की कल्याण आणि सोपाऱ्याची बंदरं जवळ पडतात. नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीनं यज्ञाला किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण नाणी दिली याची भलीमोठी यादी कोरून ठेवली आहे. वाटेवर दगडी रांजण आहे, जकातीचे पैसे त्यात टाकत, असं सांगतात.

“इतकं दान करायचं म्हणजे गल्ला किती येत असेल!” अक्का.

“तोच गल्ला बंद पाडला. पेरिप्लसवाला लिहितो, कल्याण आधी रीतसर बाजार होतं. मग कारभार बदलला, आणि चुकून एखादं ग्रीक जहाज कल्याणच्या बाजूला लागलंच, तर त्याच्यावर पहारेकरी बसवून त्याला भडोचला नेऊ लागले.”

“अगं बाई! गिऱ्हाईक पळवलं!”

“नुसतं पळवलं नाही, हात धरून आपल्या दुकानात नेलं.”

आणि दुकानही कसं, तर भडोचच्या खाडीत भरती-ओहोटीचा जोर भयंकर, परक्या जहाजाचा निभाव लागत नसे. म्हणून राजाचे कोळी होड्या घेऊन थेट समुद्रात पुढं जात आणि भरतीचा नेम धरून जहाजं आत ओढून आणत. रोमवाले तिथं काय उतरवत, ती यादीही आहे. इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, आणि सोन्याचांदीची नाणी, ती इकडच्या पैशात बदलून नफा मिळायचा. राजासाठी वेगळं गाठोडं: चांदीची भारी भांडी, उंची दारू, अत्तरं, गाणारी पोरं आणि अंतःपुरासाठी देखण्या मुली.

अप्पांनी घसा खाकरला. अक्कांनी विषय बदलला. “जकात घ्यायची, गाणं ऐकायचं, आणि विणणारा तगरला दोऱ्याच्या गाठी मारत बसला.”

“थांबा, विणणाऱ्याचीही बातमी आहे,” मास्तर म्हणाले. “नहपानाचा जावई उषवदात. सासऱ्याच्या राज्यात कारभार बघायचा. नाशिकच्या लेण्यात त्याचा लेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्यानं तीन हजार कार्षापण ठेव ठेवली. कुणाकडे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. एका श्रेणीत दोन हजार, महिन्याला शेकडा एक व्याजानं. दुसरीत एक हजार, शेकडा पाऊणनं. मुद्दल कधी परत मागायची नाही, फक्त व्याज खायचं.”

अक्का भिशी चालवतात, त्यांना कागद लागत नाही. “दोन हजाराचे महिन्याला वीस. वर्षाला दोनशेचाळीस.”

“आणि त्यातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण, चिवराच्या कापडासाठी.”

“वीस बारं दोनशेचाळीस! पै न पै बसली की हो!” अक्कांनी वाटी भिंतीवर ठेवली. “आता आम्ही मागाच्या कर्जाला बँकेत चार चकरा मारतो, जामीन आणा म्हणतात. तेव्हा राजाचा जावई विणकराकडे पैसे ठेवायला येत होता? काय पत असेल वो त्यांची!”

मला या सगळ्या गोष्टीत हीच बातमी सर्वांत मोठी वाटली. राजे बदलतात, हे राजांनाही ठाऊक होतं. म्हणून कायमची ठेव त्यांनी खजिन्यात ठेवली नाही, विणकरांच्या संघात ठेवली. राजाचं राज्य टिकेल की नाही कोण जाणे, माग मात्र चालत राहील, असा हिशेब त्यात आहे.

हिशेब बरोबर निघाला. पैठणचा गौतमीपुत्र सातकर्णी उठला आणि त्यानं क्षहरातांचा निकाल लावला. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी म्हणून गाव आहे. तिथं १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे तेरा हजार नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा ठसा मारलेला. खालून नहपानाचा चेहरा दिसतोय आणि वरून याचं चिन्ह. जावेनं दिलेल्या पातेल्यावरचं नाव न खोडता वर आपलं नाव घालून घ्यावं, अगदी तसं.

“चांदी कशाला वाया घालवायची?” अक्का म्हणाल्या.

“आणि कौतुक कुणी लिहिलं माहीत आहे? आईनं. गौतमी बलश्रीनं. मुलगा गेल्यावर नातवाच्या राज्यात, नाशिकच्या लेण्यात. क्षहरातांचा वंश निःशेष केला, हे त्यातच कोरलंय.”

“लेकाचं कौतुक आईनं डोंगरात कोरायचं, आणि आम्ही व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलं तर सुना तोंड वाकडं करतात.” हे मात्र मी म्हणाले. राहवलं नाही.

अप्पा अजून पुराव्यावरच अडले होते. “कापड गेलं म्हणता, तर तिकडे काही सापडलं का आपल्याकडचं?”

कापड दोन हजार वर्षं क्वचितच राहतं. पण हस्तिदंत राहतं. १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत एक हस्तिदंती बाई सापडली. साधारण पंचवीस सेंटीमीटरची, गळ्यात, कमरेला, पायात दागिनेच दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. आरशाची मूठ म्हणावी की छोट्या मेजाचा पाय, यावर चर्चा झाली, पण ती भारतातली, यावर नाही. व्हेसुव्हियस इसवी सन ७९ मध्ये फुटला आणि पाँपेई राखेखाली गेलं, म्हणजे ही त्याआधीच तिथं पोचलेली. आणि तशाच घडणीची, त्याच घराण्यातली म्हणावी अशी हस्तिदंती बाई आपल्या तेरच्या संग्रहालयात आहे.

“एक नांदायला इटलीत गेली, एक माहेरी राहिली,” अक्कांनी लगेच नातं लावलं.

मास्तरांनी त्यावर आणखी एक चटका दिला. त्या काळी रोममध्ये प्लिनी नावाचा मोठा लेखक-अधिकारी होता. त्याची कायम कुरकुर: भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्सेस ओढून नेतो, आणि बदल्यात काय, तर मिरी, मोती आणि बायकांचे शौक. तोच प्लिनी ७९ च्या त्या व्हेसुव्हियसच्या स्फोटातच गेला. भारताच्या नावानं खडे फोडणारा आणि भारतातून आलेली ती बाई, दोघंही एकाच राखेत.

“कुरकुर करायची आणि घ्यायचं पण,” अप्पा म्हणाले. “सरकारं तशीच असतात.”

“त्यात रोमचं सरकार आपल्याच लोकांकडून पूर्वेच्या मालावर चौथाई घ्यायचं. शंभराला पंचवीस.”

अक्कांनी डोक्याला हात लावला. जीएसटीचं नाव काढणार होत्या, मी खूण करून थांबवलं. तो विषय निघाला की संध्याकाळ जाते.

“मग बुडालं कसं?” अप्पांनी मुद्द्याला हात घातला.

बुडायला एक लढाई, एक तारीख असं काही झालं नाही. तिसऱ्या शतकात दोन्ही टोकांना एकदम कीड लागली. तिकडे रोममध्ये यादवी, पन्नास वर्षांत सम्राटामागून सम्राट, आणि नाण्यातली चांदी कमी होत होत नुसता मुलामा राहिला. इकडे सातवाहनांच्या घरात वाटण्या. नाशिककडे आभीर, विदर्भात वाकाटक, आंध्रात इक्ष्वाकू. ज्यांनी दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचं चित्र नाण्यावर पाडलं होतं, त्यांचं राज्यच राहिलं नाही. गिऱ्हाईकाचा खिसा रिकामा आणि वाटेवर दहा जकातनाकी. मग तीस दिवस गाड्या हाकत भडोचला जाणार कोण?

“तगरवाल्यांना कधी कळलं?” मी विचारलं.

“कुणी सांगायला आलं नसेल. एका वर्षी व्यापाऱ्यानं कमी माल उचलला असेल, पुढच्या वर्षी आलाच नसेल.”

अप्पा गप्प झाले. ते गिरणीत सायझिंगला होते. सोलापुरात रेल्वे आली १८६० साली, जुनी गिरणी उभी राहिली १८७७ साली. मग एकामागून एक गिरण्या आल्या, गावाचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. अप्पांची गिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली. “आम्हाला पण कुणी सांगितलं न्हाई,” ते म्हणाले. “आधी तिसरी पाळी बंद केली, म्हणाले कापूस महागलाय. मग पगार थकला. वर कुणी काय घोळ घातला, यंत्रं का बदलली नाहीत, हे आम्हाला कधीच कळलं न्हाई. एक दिवस गेलो तर फाटकाला कुलूप. कापड आम्ही विणत होतो, पण ते कोण घेतंय आणि का घेईना झालंय, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.”

मला वाटतं, तगरचं मर्म अप्पांनी पकडलं. तगरच्या विणकराला रोम कुठं आहे हे माहीत नसणार. त्याला पैठणचा व्यापारी माहीत, पैठणच्या व्यापाऱ्याला भडोचचा, भडोचच्याला अलेक्झांड्रियाचा. साखळीतल्या प्रत्येकानं आपला पुढचा माणूस पाहिला आणि विणणाऱ्यानं तर तोही धड पाहिला नाही. अशा धंद्यात भरभराट येते तेव्हा ती वरून वाटली जाते, खाली थोडीच पोचते. मंदी मात्र थेट खाली येते.

पण मास्तरांची शेवटची बातमी अजून बाकी होती. मध्य प्रदेशात मंदसोर आहे, जुनं नाव दशपूर. तिथल्या शिलालेखात लिहिलंय, की लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी तिथं राहायला आली. त्यांनी इसवी सन ४३७ मध्ये सूर्याचं देऊळ बांधलं आणि ४७३ मध्ये ते दुरुस्त केलं. नव्या गावात कुणी विणकामच धरून राहिले, कुणी धनुर्विद्या शिकले, कुणी ज्योतिषी झाले, कुणी कथा सांगू लागले. आपण कोण, कुठून आलो, हे मात्र त्यांनी पदरचे पैसे खर्चून दगडावर कोरून ठेवलं.

अक्का लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमचे सासरे तेलंगणातून पायात चप्पल नसताना आले. इथं माग टाकला. आता एक नातू विणतो, एक पुण्यात कॉम्प्युटरवर, एक शाळेचे युनिफॉर्म शिवून विकतो. देऊळ पण बांधलंय आमच्या लोकांनी पूर्व भागात. सगळं तेच की वो.”

तेच आहे. सातवाहनांचं साम्राज्य पुस्तकात उरलं, रोमचंही. विणकाम करणारी माणसं गाठोडं बांधून दुसऱ्या गावी गेली आणि तिथं पुन्हा उभी राहिली. साम्राज्य बुडतं तेव्हा राजाचं राज्य जातं, विणकराचं गिऱ्हाईक जातं, पण विद्या त्याच्याजवळच राहते. तरी त्याला प्रत्येक वेळी गाव सोडावं लागावं, हे काही कौतुकानं सांगण्यासारखं नाही. ज्याची पत बघून राजाच्या जावयानं कायमची ठेव ठेवली, त्याच्या हातात बंदर नव्हतं, वाट नव्हती, भाव ठरवायचा हक्क नव्हता. दोन हजार वर्षांत त्यात झालेला फरक फार मोठा नाही. अक्कांच्या पुतण्याचा माल कुठल्या जहाजात आहे, हे निदान त्याला फोनवर दिसतं, इतकंच.

मास्तरांनी सुचवलं म्हणून अक्कांनी पुतण्याला निरोप धाडला, की एकाच समुद्रापलीकडच्या एकाच गिऱ्हाईकावर सगळे माग लावू नकोस. तो ऐकेल की नाही, ते पुढच्या आठवड्यात भिंतीवरून कळेलच.

तुम्हाला एवढंच सांगायचं: सोलापुरातून तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ आहेत. समाधीवर डोकं टेकवलं की बहुतेक जण माघारी फिरतात. तसं करू नका. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ बघा, मागची बाजू अर्धगोल आहे, मुळात तो बौद्ध चैत्य असावा असं मानतात. मग रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या सरकारी संग्रहालयात जा. गावातल्या पांढरीत आणि नदीकाठी जे सापडे ते या माणसानं वर्षानुवर्षं जमवलं, म्हणून ते आज आपल्याला दिसतं: मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, मणी, रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं आणि ती हस्तिदंती बाई. घरातल्या पोरांना बरोबर न्या, आणि घरात कुणी मागावर किंवा शिलाईवर बसत असेल तर त्यांना आधी न्या. टॉवेल-चादरींचं गाव म्हणून आपण मिरवतो, तर आपल्याच बाजूच्या एका गावाचं कापड एके काळी रोमच्या वाटेला लागलं होतं, हे आपल्याला पाठ असायला हवं.